तबेल्याखालचं पिंप

तोमेकिची हे नाव आईबापांनी कंटाळून ठेवलं होतं. तोमे म्हणजे थांब, आता पुरे. पोरांची रांग लागली होती आणि शेत होतं तेवढंच होतं. पण नाव ठेवून पोरं थांबत नसतात आणि आलेलं पोर परतही पाठवता येत नाही. ते वाढलं.

जपानच्या उत्तरेला, अकिताच्या त्या डोंगरात शेत, घर, घोडा, देव्हारा सगळं थोरल्याचं. धाकट्यानं शहरात जावं, सैन्यात जावं, नाहीतर थोरल्याच्या घरी मरेपर्यंत राबावं. राबायला उरतो त्याला सगळे ‘काका’ म्हणतात. पुतणे म्हणतात, भावजय म्हणते, सख्खा थोरला भाऊही म्हणतो. त्यात मान शोधायला जाऊ नये. बैलाला ढवळ्या म्हणतात, तसंच ते. काकाचं लग्न होत नाही. जेवायला तो शेवटी बसतो आणि अंघोळीला त्याच्या वाट्याला सगळ्यांच्या अंगावरून आलेलं गढूळ पाणी येतं. तोमेकिचीची चाळिशी उलटली तोवर त्याला त्या पाण्याचीही सवय झाली होती.

त्याच्या हातात मात्र देवानं काहीतरी ठेवलं होतं. खालच्या गावातल्या पिंपवाल्याकडे तो कोळशाची पोती पोचवायचा, आणि पोतं उतरवून होईपर्यंत डोळ्यांनी त्याची अर्धी विद्या उचलून आणायचा. घरी येऊन त्यानं देवदाराचं पहिलं पिंप केलं, ते सगळीकडून गळलं. थोरल्या गिनझोनं त्यातलीच एक फळी उपसून त्याला बडवलं आणि म्हणाला, “आता हीच फळी नीट बसव.” त्यानं बसवली. पुढच्या पिंपातून थेंब गळला नाही. फळीला फळी अशी भिडलेली की मधे नख शिरेना, बाहेरून बांबूचे पिळलेले वेढे आणि खिळा एकही नाही.

मग त्यानं भात वाफवायला बुडाला भोक असलेलं लाकडी भांडं केलं, ते चुलीवरच्या कढईत चपखल बसायचं. भाताची दारू लावायची तर शिजल्या भाताला आधी बुरशी चढवावी लागते, त्यासाठी पातळ फळ्यांची तबकं केली. सगळ्यात मोठी अक्कल त्यानं जागा निवडताना लढवली. थंडीत त्या मुलखात दारू आंबत नाही, गोठून बसते. इतर घरांत पिंपाला गोधड्या गुंडाळायचे, पेंढ्यात पुरायचे, तरी दारू कडवट व्हायची. तोमेकिचीनं तबेल्यात घोड्याच्या पायाखाली खड्डा खणला, त्यात पिंप उतरवलं, वर फळ्या टाकल्या आणि त्यावर पेंढा. हिवाळाभर लीद आणि पेंढा आतल्या आत तापत राहायचा आणि पिंप उबेत असायचं. लिदीच्या वासात दारूचा वास बुडून जायचा, हा वरचा नफा.

तो नफा लागायचाच, कारण घरी दारू लावणं हा गुन्हा होता. दारूनं कर भरावा अशी सरकारची इच्छा होती आणि फुकट प्यावी अशी गावाची. हिवाळ्यात करखात्याची माणसं बर्फातून चढून यायची. गाव त्यांना दारूधरे म्हणायचं. पिंप सापडलं की ते विचारायचे, “कुणाचं?” जो “माझं” म्हणेल त्याला दंड, आणि दंड भरायला नसेल तर तुरुंग. कुणीच बोललं नाही तर घराच्या मालकाला धरायचे. म्हणून घरोघरी रीतच पडून गेली होती, घरातल्या म्हातारीनं पुढं व्हायचं. गिनझोच्या घरची म्हातारी, म्हणजे या दोघांची आई, तबेल्यातल्या खड्ड्याच्या आधीच्या दिवसांत कितीदा तरी जाऊन आली होती. तुरुंगात भात गरम देतात, असं ती परत आल्यावर सुनेला ऐकवायची.

म्हातारी उन्हाळ्यात मेली. पानगळीत तोमेकिचीला स्थळ आलं.

हे ऐकून गाव पोट धरधरून हसलं. काकाला स्थळ! पण खरंच आलं होतं. टेकडीपलीकडच्या इने नावाच्या विधवेच्या घरात म्हातारा सासरा आणि ती एवढेच उरले होते. शेत होतं, कसणारा नव्हता. म्हाताऱ्याला सुनेसाठी नवरा आणि घरासाठी दत्तक मुलगा हवा होता. इने वाफवायचं भांडं मागायच्या निमित्तानं आली आणि तबेल्याच्या दाराशी उभी राहून तिनं सरळ विषय काढला.

“लोक म्हणतात, गिनझोंच्या घरची दारू फार गोड. मी म्हटलं, गिनझोंची कशी? त्यांना तर साधी खुंटी नीट ठोकता येत नाही.”

तोमेकिची लाल झाला. घोड्याची पाठ खरारत राहिला.

“सासरे म्हणतात, माणूस कफल्लक असला तरी चालेल, पण तुरुंगाची पायरी चढलेला घरात घेणार नाही. तुमची म्हातारी गेली. आता दारूधरे आले तर तुमचे दादा कुणाकडे बघतील, कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग बर्फ वितळेपर्यंत तोंड उघडू नका. घर त्यांचं, घोडा त्यांचा, पिंपही त्यांचंच. तुमचं इथं काय आहे?”

“काही नाही,” तो म्हणाला आणि जन्मात पहिल्यांदा ते म्हणताना त्याला आनंद झाला.

गिनझोनं होकार दिला तोही तोंड भरून. “जा बाबा. बर्फ वितळलं की जा. सुखी हो.” भावजय तोकु हिनं तर त्या रात्री त्याच्या वाडग्यात माशाचा मधला तुकडा घातला. तोमेकिची एवढा भोळा की त्याला तो तुकडा गोड लागला.

ऐन थंडीत दारूधरे आले. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं नाही, सरपणाला हात लावला नाही. अंगण ओलांडून सरळ तबेल्यात गेले, घोडा सोडून बाहेर बांधला आणि पेंढा उपसू लागले. फळ्या निघाल्या. खालून उबेचा लोट आला आणि त्या मागोमाग गोड वास.

त्यांचा साहेब गुडघ्यावर बसला. त्यानं पिंपावरून हात फिरवला, वेढ्यांवर बोटं वाजवली. “खिळा नाही एकही,” तो स्वतःशीच म्हणाला. मग वर पाहून त्यानं विचारलं, “कुणाचं हे?”

गिनझो बर्फाकडे बघत राहिला. तोमेकिचीनं दात आवळले. घर त्यांचं, पिंप त्यांचं. आता थोडाच वेळ गप्प राहायचं होतं. साहेबही गिनझोकडे वळला होता.

“शहरातल्या उस्तादाचं काम दिसतंय,” साहेब म्हणाला. “कुठून चोरलंत?”

“विकत घेतलेलं असेल साहेब, सासऱ्यांच्या काळचं,” तोकु बाहीत तोंड खुपसून म्हणाली. मग तिनं तोमेकिचीकडे पाहिलं आणि खुदकन हसली. “घरातल्या कुणाचं काम नाही हे. या आमच्या काकाचं म्हणाल तर त्याला घोड्याची बादलीसुद्धा धड जमत नाही. गळकं सगळं. त्याच्या आईनं त्याला घडवला तोच गळका.”

साहेबाची माणसं हसली, साहेबही हसला. तोमेकिचीनं इतकी वर्षं याहून वाईट ऐकून घेतलं होतं आणि मान खाली घालून जेवला होता. पण ते पिंप समोर उघडं पडलं होतं. शहरचा साहेब त्यावरून हात फिरवत होता. असा हात आजवर कुणी फिरवला नव्हता.

“मी केलंय,” तो म्हणाला.

“काय?”

“पिंप मी केलं. ती तबकं मी केली. भांडं मी केलं. हा खड्डा माझ्या डोक्यातला. सगळं माझं आहे!”

माझं. आयुष्यात एकदा हा शब्द तोंडातून निघाला, तो असा. साहेबानं मान डोलावली, अगदी आदरानं डोलावली, आणि माणसांना खूण केली. पहिली कुऱ्हाड पिंपावर पडली. फळ्या सहज सुटल्या नाहीत, त्या माणसांना घाम फुटला. तोमेकिचीचे हात बांधले तेव्हा गिनझो पुढं येऊन म्हणाला, “काळजी घे रे काका.”

इनेच्या सासऱ्यानं त्याच आठवड्यात नकार कळवला. त्याला दोष देता येत नाही. त्यानं आधीच सांगितलं होतं.

तुरुंगात भात गरम देतात हे खरं निघालं. तो खाताना तोमेकिची एकेका शेजाऱ्यावर संशय घेत बसायचा. कुणी सांगितलं असेल? उजवीकडच्यानं? त्याला पिंपाची जागा माहीत नव्हती. डावीकडच्यानं? त्यालाही नव्हती. तरी त्यानं दोघांनाही मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. घरच्यांचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. येणार कसा? पिंप फुटलं तर नुकसान घरचंच होतं.

बर्फ वितळल्यावर तो सुटून आला. तोकुनं पाय धुवायला पाणी दिलं, तेही कोमट. गिनझो त्याला मागच्या पडवीत घेऊन गेला. तिथं देवदाराच्या फळ्यांची चळत रचलेली होती, पिंपाच्या मापाच्या, सरळ रेषांच्या.

“बघ, तुझ्यासाठी आणून ठेवल्यात,” गिनझो म्हणाला. “वहिनीच्या माहेरून आणल्या.”

तोमेकिचीनं एक फळी उचलली. ती हाताला हलकी लागली. बोटानं वाजवली तर कोरडी, खणखणीत वाजली. ओलं लाकूड असं वाजत नाही. हे झाड बर्फ पडायच्या आधी, पानगळीत तोडलेलं होतं, आणि सगळा हिवाळा कुठंतरी छपराखाली वाळलेलं होतं. पानगळीत तर जुनं पिंप तबेल्यात धडधाकट होतं. धडधाकट पिंप असताना नव्याचं लाकूड कोण तोडून ठेवतो? जुनं फुटणार हे ज्याला माहीत असतं तोच.

“दादा,” तो म्हणाला, “हे लाकूड पानगळीतलं आहे.”

गिनझोनं नजरसुद्धा वळवली नाही. “हो. तुझं स्थळ आलं ना, त्याच आठवड्यात तोडलं.”

“म्हणजे दारूधऱ्यांना...”

“आवाज खाली. घोडा बिचकतो.”

“काका, उगीच मनाला लावून घेऊ नकोस,” तोकु दारातून म्हणाली. तिच्या हातात भाजी होती आणि ती निवडत होती. “पिंप काय, फुटलं तर नवं होतं. बिनपगारी, बिनतक्रारी गडी आम्ही कुठून आणायचा? तूच सांग.”

शेजारीच भिंतीला फळ्या तासायचा वाकस टांगलेला होता, तोमेकिचीचाच, त्यानंच धार लावलेला. त्याला वाटलं, उचलावा आणि या दोघांची डोकी फळीसारखी उभी चिरावी. खरंच वाटलं. मग काय? मग पुन्हा तुरुंग, आणि या वेळी तिथून परत येणं नाही. आणि नाही चिरली तरी जायचं कुठं? टेकडीपलीकडचं दार बंद झालं होतं. कुठल्याही गावात तुरुंगातून आलेल्या चाळिशीच्या काकाला कुणी उभं करणार नव्हतं. हे त्या दोघांनी पानगळीतच मोजून ठेवलं होतं. आवळा देऊन कोहळा काढायचा तो असा.

“बरं झालं वेळेवर सुटलास,” गिनझो म्हणाला. “इनेचं ठरलंय. खालच्या गावातला कुणीतरी आहे, चांगला आहे म्हणतात. लग्नाला दारू आपल्याच घरची हवी असा तिच्या सासऱ्याचा निरोप आलाय. तू केलेल्या पिंपातली. मी हो म्हटलं.”

तोमेकिची फळी हातात धरून उभा राहिला. नाक सुरसुरलं तसं त्यानं बाहीनं पुसलं. मग त्यानं चळतीतली दुसरी फळी घेतली, पहिलीला भिडवून उजेडासमोर धरली आणि मधून कुठं उजेड येतो का ते पाहिलं.

“केवढं हवंय?” त्यानं विचारलं.

“मागच्यापेक्षा मोठं कर,” गिनझो म्हणाला. “पाहुणे पुष्कळ आहेत.”