खरवडलेले लेबल

ती घटना मी विसरलेले नाही. त्या पंचनाम्यावर सही माझीच आहे.

पन्नासचे दशक संपत आले होते. जिल्ह्यात स्त्री पोलीस मोजक्याच. बाईमाणसाचा जबाब घ्यायचा असला की मला पुण्याहून जुन्नरला पाठवत. त्या भाद्रपदात मी तिथेच होते. एका सकाळी नारायणगावचा एक भाजीवाला ठाण्यात आला.

"बाई, माज्या बहिणीला आळ्यात सासू विष घालतीया. तोंड कोरडं पडतंय, हात कापत्यात, उठली की भोवळ येती. सासू रोज आपल्या हातानं कसलीशी गोळी देती."

दोन पंच घेऊन मी आळे गावाला गेले. फडताळात, डब्यांच्या मागे गोळ्यांची बाटली सापडली. लेबल सुरीने खरवडून काढलेले.

"कसल्या गोळ्या?"

"पित्ताच्या," सासू म्हणाली. नजर जमिनीवर.

"लेबल कुठे गेलं?"

"पावसानं गेलं."

काचेवर सुरीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. बाई खोटे बोलत होती, एवढे खरे होते. बाकीचे मी मनाने जोडले.

सून पंचविशीची असेल. ती दारापर्यंत माझ्या मागे आली. "बाई, त्या नेऊ नका. लई दिसांनी भाकरीला चव लागाया लागलीया."

सासरच्यांना पाठीशी घालणाऱ्या सुना मी पुष्कळ पाहिल्या होत्या. मी म्हटले, "घाबरू नकोस. आता तुला कोणी काही चारणार नाही." बाटली कापडात बांधली, लाख लावली, पंचांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी शिपाई मुद्देमाल घेऊन मुंबईला, रासायनिक तपासणीला गेला.

तिसऱ्या दिवशी भाऊ धावत आला. बहिणीला उलट्या होत होत्या, झोप नव्हती, घाम फुटत होता, एका जागी बसवत नव्हते. "बगा, विष उतरतंया!" मलाही तसेच वाटले. डायरीत मी तसेच लिहिले.

सासूला चौकशीला आणले. दोन दिवस तिचे उत्तर बदलले नाही.

"पुन्हा विचारते, गोळ्या कसल्या?"

"कितींदा इचाराल? तुमचं तोंड दुखंल बाई. पित्ताच्या."

तिचा मुलगा तळेघरच्या बाजूला शाळामास्तर होता. तिकडे पावसात एसटी जात नव्हती. निरोप पोचून तो आठव्या दिवशी आला, गुडघ्यापर्यंत चिखलात. आईकडे न बघता त्याने माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. पुण्याच्या एका डॉक्टरांची होती. मन खचण्याच्या आजारावर नवे औषध निघाले होते, ते त्याच्या बायकोला सुरू केले होते. खाली डॉक्टरांनी स्वतः लिहिले होते: तोंड कोरडे पडेल, हात कापतील, उठताना चक्कर येईल, घाबरू नये. गुण यायला काही आठवडे लागतील. औषध एकदम बंद करू नये. केल्यास उलट्या, अस्वस्थपणा, निद्रानाश होईल आणि मूळ आजार उलटू शकेल.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग सासूला विचारले, "पहिल्याच दिवशी हे का नाही सांगितलंत?"

"माज्या लेकीचं लगीन जुळतंय ओतुरात. घरात येडी हाय म्हनून मोडलं असतं. म्हनून लेबल खरवडलं. अन् तुमच्यासंगं दोन पंच व्हते. पंच म्हंजी गावच की वो."

बाटली मुंबईत होती. ती परत मिळायला हुकूम लागला असता. मास्तरला मी पुढच्या गाडीने पुण्याला पाठवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नवी बाटली घेऊन आळ्याला उतरला. त्याच सकाळी सून पाण्याला म्हणून गेली होती आणि घागर विहिरीच्या काठावर मिळाली होती.

प्रेत बाईचे, म्हणून पंचनाम्याला मलाच बोलावले. भाऊ माझ्याकडे पाहात नव्हता. सासू विहिरीच्या कठड्याला टेकून बसली होती. म्हणाली, "लेबल मी खरवडलं. गोळ्या तुमी नेल्या. लिवा की दोघींचं."

मी तिचेच लिहिले. त्या कागदात नातेवाइकांच्या जबाबाला जागा असते, तपास करणाऱ्याच्या जबाबाला नसते.

पुढे अहवाल आला: विष आढळले नाही. ओतूरचे लग्न तर मोडलेच होते.

त्यानंतर मी एक शिकले. घरातल्या बाईला आधी एकटीला विचारायचे, पंच नंतर बोलवायचे. औषध दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि कोणी 'नेऊ नका' म्हणाले, तर का ते पूर्ण ऐकून घ्यायचे. हे शिकायला फार काही लागत नाही. मला एक माणूस लागले.

मुद्देमाल नियमाप्रमाणे मालकाला परत करावा लागतो. बाटली घेऊन मी आळ्याला गेले. सासूने पोचेवर अंगठा उठवला, बाटलीला हात लावला नाही. मी ती उंबऱ्यावर ठेवली आणि परतीची गाडी धरली.