मोटारीच्या कपाळी कुंकू

मला मोटार चालवता येते, पण मोटारीतलं काही कळत नाही, ही गोष्ट मी सासरी दोन वर्षं लपवून ठेवली होती. लग्नाआधी चार महिने मी हैद्राबादेत एका मोटारीच्या कारखान्यात होतो हे खरं. तिथं मी मोटारी पुसायचो, आणि मालकाची पाठ वळली की आवारातल्या आवारात फिरवायचो. सोयरिकीच्या बोलण्यात मात्र 'मुलगा मोटारीचा जाणकार आहे' असं कुणीतरी ठोकून दिलं, आणि मी मान खाली घातली. (लोकांना तो विनय वाटला.) पुढं सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, एका इनामदाराची जुनी मोटार घेतली आणि मी तिच्यासकट सासरी अडकलो.

मामांना सगळं गाव भ्यायचं. मी जरा जास्त भ्यायचो, कारण गावाला आपापल्या घरी निघून जाता यायचं.

त्या वर्षी गावच्या पाटीलकीचा तंटा उभा राहिला. मामा आणि त्यांचे चुलतभाऊ गणपतराव, दोघंही हक्क सांगत होते. तालुकदारसाहेब दौऱ्यावर घाटनांदूरला मुक्कामाला येणार होते. दुपारी बाराच्या आत जो हजर नसेल त्याचा दावा बाद, असा हुकूम होता. आणि दिवस नेमका खंडेनवमीचा! दौऱ्याच्या तारखा हैद्राबादेहून ठरून यायच्या, तिथं आमची खंडेनवमी कोण बघतो?

गणपतराव आदल्या दिवशीच बैलगाडीनं निघाले. मामा हसले.

"जाऊ द्या त्याला बैलावर. आपुन मोटारीनं जाऊ. वाटंत बंद तर पडायची न्हाई ना?"

"ठिणगीचा तेवढा भरवसा नसतो," मी म्हणालो. (कारखान्यात माझ्या कानावर पडलेलं एवढं एकच ज्ञान होतं. तेल असून ठिणगी पडली नाही, तर मोटार जागची हलत नाही.)

"मग ठिणगीची हत्यारं घ्या संगं. पर एका पिशवीत मावतील तेवढीच."

मी पेटी उपसून बसलो. मामा झोपाळ्यावरून बघत होते, म्हणून ती निवड दुपारभर चालली. प्रत्येक वस्तू उचलायची, उजेडात धरायची, 'हं' म्हणायचं. शेवटी प्लग खोलायचा पाना, लाकडी मुठीचा पेचकस, बारीक कानस, फट मोजायच्या पोलादी पट्ट्या आणि वीज येते की नाही ते दाखवणारा दोन तारांचा छोटा दिवा, एवढं पिशवीत भरलं. निम्म्या वस्तू मी चकाकतात म्हणून घेतल्या होत्या.

सकाळी पिशवी उचलली तर हलकी लागली. आत तो दिवा आणि धपाट्यांची चवड.

"हत्यारं पूजेला मांडलीत," सासूबाई, म्हणजे मामी, म्हणाल्या. "विळा, कुऱ्हाड, तलवार आन तुमची समदी. आता उद्या शिलंगण झाल्याबिगर हात लावायचा न्हाई. दिवा लोखंडाचा न्हाई म्हनून ऱ्हाऊ दिला."

इथं मी बोलायला हवं होतं. पण मामांना भिणाऱ्या माणसानं, मामा ज्यांना भितात त्यांच्याशी काय बोलावं? मी धपाटी नीट ठेवली.

"मोटारीची बी पूजा करायची हाय," मामी पुढं म्हणाल्या. "बैलाच्या कपाळाला कुंकू लावतो तसं. हिचं कपाळ कुठं हाय, जावईबापू?"

मला उत्तर येईल असा मोटारीचा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी हुरळलो. झाकण उघडून चारी प्लग दाखवले आणि म्हणालो, "इथं. समदा जीव इथंच असतो." मामींनी चारी जिवांना ओलं हळदकुंकू भरभरून फासलं.

मोटार निघतानाच खोकत होती. धारूरच्या घाटात, ऐन चढावर, तिनं दोन आचके दिले, थांबली आणि मागं सरकायला लागली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. डाव्या हाताला दरी होती. मामांनी उडी टाकली आणि पाटीलकीचा तो उमेदवार धोतर खोचून चाकांमागं धोंडे लावू लागला.

"काय झालंय?"

"बघतो जी," म्हणून मी मोटारीखाली शिरलो. (तिथं ठिणगीचं काहीच नसतं, पण तिथून मामा दिसत नाहीत.) बराच वेळ पडून राहिलो. बाहेर आलो तेव्हा अंगरख्यापासून धोतरापर्यंत तेलानं थबथबलेलो होतो.

मग दिवा लावून बघितला. दिवा पेटला.

"कळलं का?"

"कळलं जी. वीज येतीय."

"मग चालीवा की."

"चालत न्हाई."

"मग कळलं काय तुमाला?"

ठिणगी बघायची तर प्लगची तार लाकडी मुठीच्या पेचकसानं धरायची असते. पेचकस पूजेत होता. मी तार हातात धरली आणि मामांना हँडल मारायला सांगितलं. मामांच्या हाताला जोर फार.

"ठिणगी हाय का?" मामांनी विचारलं.

"हाय जी," मी रस्त्याच्या कडेला बसून म्हणालो. "मलाच बसली."

दुसऱ्यांदा मी तार जोडून टाकली, मामांना पुन्हा हँडल मारायला सांगितलं, हात पाठीमागं बांधले आणि डोकं झाकणाखाली घालून नुसतं बघितलं. प्लगच्या वरच्या ओल्या कुंकवावरून निळी ठिणगी सरसरत बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या अंगात जिरत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला मोटारीतलं काहीतरी कळलं.

"कुंकू पुसाया पायजे," मी म्हणालो.

"कुनाला सुचलं तितं लावायचं? जागा कुनी दावली?"

दरी अजून डावीकडंच होती. तरी मी खरं सांगितलं.

मामांच्या हातात अजून हँडल होतं, त्यानं जास्तच भ्यालो. पुसायला कोरडं कापड हवं होतं. माझे कपडे तेलात, मामांचं धोतर धुळीत. घाटात कोरडी अशी एकच गोष्ट होती, मामांच्या डोक्यावरचा नवाकोरा पांढरा फेटा. मी त्याच्याकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी तो सोडून माझ्या हातात दिला. पुसायचं काम मात्र मी अप्रतिम केलं.

मोटार सुरू झाली. आम्ही बाराला थोडकी मिनिटं असताना घाटनांदूरला पोचलो. साहेबापुढं बोडक्या डोक्यानं जाणं म्हणजे अपमान, म्हणून मामांनी तोच फेटा गुंडाळला. लालभडक डाग बरोबर कपाळावर आले.

तालुकदारसाहेब खुर्चीतून उठले. "ये खून कैसा, पटेल?"

मामांनी तोंड उघडायच्या आत गणपतरावांनी साहेबांचे पाय धरले. "म्या न्हाई मारलं, हुजूर! म्या तर कालधरनं हितंच हाय! मला नगं ती पाटीलकी!"

निकाल तिथंच झाला. मामा पाटील झाले.

मोटारीत बसल्यावर त्यांनी पाटीलकीतला पहिला हुकूम काढला. "जावईबापू, इथून म्होरं तुमी मोटारीला हात लावायचा न्हाई. मागं बसायचं, माझ्या शेजारी."

मी मागं जाऊन बसलो. मग मोटार चालवणार कोण, हे विचारायची माझी छाती झाली नाही, आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.