उष्ण पडतात म्हणून सोडलेल्या गोळ्या

"कल्चर रिपोर्ट आलाय," असं म्हणत डॉक्टर मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्या सासूबाईंच्या पलंगाशी बसल्या. राउंडला आलेले डॉक्टर सहसा बसत नाहीत.

युरिन कल्चर म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे आणि ते कोणत्या औषधाने मरतात ते पाहायचं. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, जंतूंवर जवळजवळ कुठलंच औषध चालत नव्हतं. "रेझिस्टंट आहेत," मॅडम म्हणाल्या. म्हणजे औषधाला दाद न देणारे. "दोनच इंजेक्शनं उरलीत. त्यातलं एक किडनीला जड जातं. आधी दुसरं देऊन बघू."

सुरुवात साधीच होती. वारज्याच्या आमच्या घरी आईंना हुडहुडी भरली, कंबर दुखू लागली, लघवीला जळजळ. दुसऱ्या दिवशी त्या असंबद्ध बोलायला लागल्या तेव्हा आम्ही घाबरून त्यांना ॲडमिट केलं. संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. सलाईनमुळे त्या भानावर आल्या, पण नेहमीच्या इंजेक्शनांनी ताप हलेना.

"आजी, याआधी अँटिबायोटिक कितीदा घेतलीत?" मॅडमनी विचारलं.

"डॉक्टरांनी दिली तेव्हाच," माझा नवरा घाईघाईने म्हणाला.

"तू गप्प बस," आई म्हणाल्या. आवाज खोल गेला होता, धार तीच. "सर्दी झाली की घ्यायचे, दाढ दुखली की घ्यायचे. औषधवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. आणि दोन दिवसांत बंद करायचे. उष्ण पडतात हो त्या गोळ्या, तोंड येतं. मग वरून गुलकंद खायचा."

आमच्या घरचं हेच वैद्यकशास्त्र होतं. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापाला किंवा शेजारच्या कुणाला. सोसायटीतले अर्धे घसे आपणच बरे केलेत, असं आई ऐटीत सांगायच्या.

मॅडम रागावल्या नाहीत. "गरज नसताना किंवा अर्धवट औषध घेतलं, की कमजोर जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढच्या आजारात त्यांच्याशी गाठ पडते. खरं सांगितलंत, बरं झालं."

आईंनी सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर केली. चूक नेहमी काउंटरच्या पलीकडच्या माणसाची असते, हा त्यांचा सिद्धान्त. त्या बाईंनी अंगात ताप असताना, मुलासुनेदेखत स्वतःची चूक सांगून टाकली. मला त्यांचा फार अभिमान वाटला. लग्नानंतर पहिल्यांदाच वाटला, हेही सांगून टाकते.

नवं इंजेक्शन सुरू झालं. रोज सकाळी रक्त घ्यायचे, किडनी नीट चालतेय का हे कळायला क्रिएटिनिन बघायचे. आम्ही दोघं आळीपाळीने बाहेरच्या बाकावर बसायचो आणि दार उघडलं की दचकायचो. हळूहळू ताप उतरला. नवरा म्हणाला, आता घरी नेऊ या. आई म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतील तेवढी सगळी इंजेक्शनं संपू देत. तोवर मी हलणार नाही."

त्या बऱ्या होऊन घरी आल्या. दिवाळीनंतर पुन्हा ताप आणि खोकला. मी त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नीट तपासलं आणि म्हणाले, "व्हायरल आहे. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दम लागला किंवा ताप राहिला तर लगेच या."

"पण डॉक्टर, एखादं देऊन ठेवा ना, सेफ्टीसाठी," मी म्हटलं.

"हिच्याकडे लक्ष देऊ नका," आई म्हणाल्या. "घाबरली आहे ती. मीही घाबरले आहे. पण माझ्या कामाची औषधं थोडीच उरलीत. ती मी खोकल्यावर घालवणार नाही."

डॉक्टर हसले. मला मात्र रडू आलं.

खोकला आपोआप गेला. आता कुणी घशासाठी गोळी मागायला आलं, तर आई त्याला दारातूनच दवाखान्याचा रस्ता दाखवतात. हॉस्पिटलमधून निघताना मी विचारलं होतं, जिने तुम्हाला वाचवलं त्या डॉक्टर मॅडमना काय द्यावं. आई म्हणाल्या, "ऐकावं तिचं. अजून काय द्यायचं?"

तुमच्या घरी अशी वेळ आली तर डॉक्टरांपासून काही लपवू नका, आणि ते नको म्हणाले तर औषधासाठी हट्ट धरू नका. माझ्या सासूबाईंना हे जमलं. त्यांना ओळखणाऱ्यांना विचारा, ही केवढी मोठी गोष्ट आहे.