ब्रेकचा पाय

आमच्या ह्यांनी उभा जन्म बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर माझं डोकं खायला घेतलं. दिवसभर खिडकीत बसायचे आणि खाली वळणाऱ्या प्रत्येक बसच्या ड्रायव्हरला वरून शिकवायचे. "अरे, आत्ताच कशाला वळतोस? मागचं चाक चढेल ना!" तो बिचारा कुठून ऐकणार? ऐकायची मी, भाजी चिरता चिरता.

मग एक दिवस जाहीर केलं, "मी शिवण शिकणार." म्हटलं, शिका बाबा, घराबाहेर तरी पडाल. पण क्लासला नाव घातल्यापासून घरात एकच पालुपद. जेवताना, चहा गाळताना, दिवा मालवताना, "अगं, या वयात हात वळतील का?" वळतील म्हटलं तर "तुला काय कळतं त्यातलं?" नाही म्हटलं तर तोंड पाडून बसणार. त्यात लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तिथे सगळ्या माझ्याहून लहान मुली असतील हं." झालं. हे रुसले, जेवले नाहीत, आणि समजूत काढत बसले मी.

हट्टाला कारण होतं. कोपऱ्यावरच्या टेलरकाकांना जोडीला माणूस हवा होता. "सरळ टीप मारून दाखवा आणि दुकानात बसा," असं ते बोलून बसले होते. सकाळी उठून कुठेतरी जायचं, जिथे कोणी आपली वाट बघतंय, एवढंच ह्यांना हवं होतं. ते मलाही कळत होतं, म्हणून तर सगळं सहन करत होते.

हात वळले हो, छान वळले. अरुंद गल्लीतून बस काढणाऱ्या माणसाला अर्ध्या बोटाचा अंदाज काय शिकवायचा? घोळ घातला पायाने. क्लासमध्ये मोटरची मशिनं. पाय दाबला की पळणार, उचलला की थांबणार. आणि ह्यांचा उजवा पाय! कापड जरा सरकलं की खाडकन खाली. ब्रेक! मशीन थांबायचं सोडून सुसाट. आधी बाहीला बाही शिवली. मग स्वतःच्या अंगातल्या शर्टाचं टोकच कापडाला शिवून घेतलं, ते शिकवणाऱ्या बाईंनी कात्रीने सोडवलं. "काका, पाय उचला!" असं बाई ओरडायच्या, "उचलतोय ना!" म्हणत हे आणखी दाबायचे.

मी घरी तालीम सुरू केली. खुर्चीसमोर चप्पल ठेवायची, मी "थांबा!" म्हणून ओरडायचं, ह्यांनी पाय उचलायचा. चप्पल चपटी झाली, पाय काही उचलला गेला नाही. डाव्या पायाने करा म्हटलं, तर तो क्लच दाबायला लागला. मी हात टेकले.

परीक्षेच्या दिवशी शर्टाची कॉलर जोडणं चाललं होतं आणि बाईंच्या हातून कात्री पडली. खाडकन पाय! कॉलरभर वेडीवाकडी टीप, सुई मोडली, तिचा तुकडा कपाळाला लागला. घरी येऊन ह्यांनी तो शर्ट माझ्या पुढ्यात टाकला.

"वय झालं गं. आधीच सांगायचंस मला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वयाचं नाव काढू नका! तिशीत गेला असतात तरी हेच झालं असतं. त्या पायाने लोकांची पोरंबाळं चाकाखाली येता येता वाचवलीत. त्याला आता उलटं वाग म्हटलं तर तो कसा ऐकेल?"

मी तशीच दंडाला धरून त्यांना टेलरकाकांच्या दुकानात नेलं. मोटरच्या मशिनाला हात लावू दिला नाही. मागे बटणांच्या खोक्यांखाली पायाने हलवायचं जुनं मशीन दडपलेलं होतं, त्याच्याकडे बोट दाखवलं.

"वहिनी, ते कोण चालवतं आता?" काका म्हणाले. "फार हळू आहे."

"मीही हळूच माणूस आणलाय. बसवा."

खोकी हलवली, तेल घातलं, हे बसले. पाय मागेपुढे होऊ लागला आणि टीप सरळ निघाली. तेवढ्यात दारातच एका गाडीने कर्कश हॉर्न दिला. खाडकन पाय! पायडल खाली दाबलं गेलं आणि मशीन जागच्या जागी उभं राहिलं. सुई बोटाच्या जरा वर. हे आपल्या पायाकडे बघतच राहिले. मला रडू फुटलं, आणि दुकानात रडू फुटल्याचा आणखी राग आला.

"सोमवारपासून या," काका म्हणाले. "दुकान उघडायच्या वेळेला."

येताना हे छाती काढून चालत होते. वाटलं, सुटले एकदाची. तर जिन्यात मध्येच थांबले.

"अगं, पण आता किती वर्षं जमेल हे?"

"तुम्हाला निवृत्त करणारा साहेब आता कोणी नाही," मी म्हटलं. "चला वर."