भावोजींची राहिलेली तपासणी

दशरथ भावोजी गेले त्याला सव्वा महिना झाला. फोन आला तेव्हा शहापुरातल्या माझ्या लॅबमध्ये मी कुणाचं तरी रक्त काढत होतो. ताई एवढंच म्हणाली, "रमेश, हे गेले रे." मी सुई नीट काढली, कापूस दाबला, पेशंटला हात दुमडून धरायला सांगितलं. मग मागच्या खोलीत जाऊन बसलो... आणि आधी आठवली ती डॉक्टरांची चिठ्ठी.

भावोजी मुरबाडकडच्या गावचे. भात निघालं की भेंडी लावायचे. दर तीन महिन्यांनी किन्हवलीमार्गे एसटीने यायचे, मांडीवर भेंडीची पिशवी घेऊन, शुगर तपासायला. आमच्या घरचे जावई, म्हणून मी त्यांना माझी खुर्ची द्यायचो आणि स्वतः उभा राहायचो. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी चिठ्ठीवर रक्ताबरोबर लघवीतलं अल्ब्युमिनही लिहिलं. मी छोटी बाटली पुढे केली. भावोजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मेव्हण्याच्या हातात बाटली द्यायची ती दारूची. मुताची देतात काय रे?"

बाकावरची माणसं हसली. मीही हसलो. भावोजींचे कान मात्र लाल झाले होते, आणि खरं सांगायचं तर जावयाची लघवी हातात घेणं मलाही जड जात होतं. दुसऱ्या लॅबमध्ये पाठवता आलं असतं. मी म्हणालो, राहू द्या, रक्तात क्रिएटिनिन बघतो, त्यात किडनीचं कळतंच. ते नॉर्मल आलं, आणि किडनी ठणठणीत आहे असं मी फोनवर सांगून टाकलं. मूत्रपिंड बिघडू लागलं की आधी लघवीतून अल्ब्युमिनसारखी प्रथिनं झिरपतात, रक्तातला आकडा फार उशिरा वाढतो, हे मी रोज परक्या माणसांना समजावतो. ती तपासणी त्यानंतरही चिठ्ठीवर येत राहिली. दरवेळी मी ती गाळली. डॉक्टरांनी विचारलं की भावोजी अभिमानाने सांगायचे, मेव्हण्याने केलंय सगळं.

मग पाय सुजले. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कल्याण. एकदा मशीनशेजारी बसलो असताना त्यांनी विचारलं, "रमेश, हे आधी कळलं नसतं काय रे?"

"कधीकधी नाय कळत, भावोजी," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता...

बाराव्यानंतर मी ताईला सगळं सांगितलं. ती सुपात भेंडीचं बी निवडत होती. हात थांबले.

"म्हंजे कळलं असतं?"

लवकर कळलं असतं, औषधं लवकर सुरू झाली असती, त्यापुढचं मी सांगू शकत नाही, असं म्हणालो. तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तो बाटलीचा इनोद त्यांनी घरी येऊन मला सांगितला होता. मी पोट धरून हसले."

ताईलाही दोन वर्षं शुगर आहे. थोरल्या बहिणीकडेही मी कधी लघवी मागितली नव्हती. त्या दिवशी येताना बाटली बरोबर आणली होती. ती तिच्यासमोर ठेवली. तिने पदर खोचला आणि मागच्या दाराने गेली. परत आली तेव्हा बाटलीला भावोजींचा चौकड्यांचा रुमाल गुंडाळलेला होता.

"आता माझं काय असंल ते खरं सांग."

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. अल्ब्युमिन निघालं होतं. थोडं, पण होतं. पुन्हा एकदा तपासून डॉक्टरांकडे जायचंय, मी बरोबर येतो, असं सांगितलं. रुमाल धुऊन लॅबच्या खिडकीत वाळत घातला होता. तो वाळून बरेच दिवस झाले... मी अजून काढलेला नाही.