सातझरीची माणसं

मी सातवीला विज्ञान शिकवते. भूत, करणी, अंगात येणं... असलं काही वर्गात कुणी बोललं की झापणारी बाई म्हणजे मीच. तरी हे लिहितेय, कारण दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

शाहूवाडी तालुक्यात डोंगराच्या पोटाशी सातझरी नावाचं गाव आहे. झऱ्यांचं पाणी कोमट, लोखंडाच्या चवीचं. पूर्वी सांधे दुखणारी माणसं लांबून कुंडात अंघोळीला यायची. त्यांच्यासाठी उतरायच्या खोल्या, चहाची दुकानं होती. मग दरड कोसळली, कुंड गाळानं बुजलं, पाणी गेलं आणि मागोमाग गावही पांगलं. सरकारसाठी घरांची आणि माणसांची यादी करायचं काम शिक्षक म्हणून माझ्याकडे आलं तेव्हा तिथे फक्त हौसामावशी आणि त्यांचे मालक राहत होते. गावाचं नाव काढून ते शेजारच्या गावात घालायचं जवळजवळ ठरलं होतं; फक्त ग्रामसभेची मंजुरी बाकी होती.

एप्रिलची दुपार. बुजलेल्या कुंडाच्या पायरीवर बसून मी लिहिलं – माणसं दोन.

"दोनच?" मावशी कडाडल्या. "बाई, मोजाय आलायसा न्हवं? मग समदं गाव मोजा की!"

"मावशी, इथे राहतात तेवढीच लिहायची असतात."

"मग वहीच्या मागं लिव्हा. कुणीतरी लिवाय पायजेच की."

मला नाही म्हणवेना. त्या उभ्या राहिल्या आणि एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायला लागल्या... कुंड बांधणाऱ्यांची नातवंडं, खोल्या चालवणारा शिवाप्पा, कबनूरला यंत्रमागावर कामाला गेलेला पुतण्या दत्ता. यादी संपायच्या आत त्यांचा फोन वाजला. दत्ताच होता; मावशींनी स्पीकर लावला. मागून यंत्रमागांचा खडखडाट.

"काकी, हाक कशापायी मारलीस? काय झालंय?"

"तुला कुणी सांगितलं रं?"

"सांगतंय कोण! हितं शेजारचा बोललेला ऐकू येत न्हाय. तुजा आवाज आला – 'दत्ता' म्हणून. माग बंद करून भाईर आलोय."

थोड्या वेळानं दुसरा फोन, कोल्हापुरातून. मग तिसरा. सगळ्यांचा प्रश्न एकच.

मावशींनी डोळे पुसले आणि फोनवर प्रत्येकाला तेच सांगितलं, "गावाचं नाव काढाय लागल्यात. या."

रविवारी सगळे आले! टेम्पो, मोटरसायकली, फावडी, घमेली. दोन दिवस गाळ उपसला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक मोठी फरशी हलवली आणि खालून पाणी उसळलं. "आलं की रं, आलं!" म्हणत मावशी चिखलातच बसल्या. मी पदर खोचून कधी आत उतरले, मलाच कळलं नाही.

ग्रामसभेला बसायला जागा उरली नाही. नाव ठेवायच्या बाजूनं हात वर झाले आणि सातझरीचं नाव राहिलं. आज तिथे अकरा घरांत चूल पेटते. दत्तानं बायकोसोबत चहाचं दुकान टाकलंय.

त्याला मी खोदून खोदून विचारलं. आधी कुणाचा निरोप होता का? नाही. मनात आलं असेल?

"मनात न्हाय बाई, कानात. ह्या उजव्या."

तेही मी वहीच्या मागं लिहून ठेवलं. गेल्या महिन्यात दत्ताला मुलगी झाली. सातझरीत इतक्या वर्षांनी पहिलं बाळ. तिला मांडीवर घेऊन मावशी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ही हितंच जन्मली हाय. लिव्हा, बाई!"