ओरेस्टने ओरेस्टवर केलेली तक्रार

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, झेलेना या युक्रेनी वस्तीच्या गावात, ओरेस्ट हावरिल्युकला माघारी सगळे ‘परिषदेचा जावई’ म्हणत. तोंडावर? तोंडावरही तेच म्हणत.

परिषद म्हणजे मोटारी विकणाऱ्यांची आणि दुरुस्त करणाऱ्यांची. सरकारने अधिकार देऊन हात झटकले, की तुमचे चोर तुम्हीच धरा. धंद्यातलेच लोक वर्गणी भरत, परवाने देत आणि वेळ आली की काढूनही घेत. बाकीच्यांना ती डोकेदुखी वाटे, ओरेस्टला मात्र माहेर. गॅरेजमध्ये त्याचा परवाना संत निकोलसच्या तसबिरीशेजारी टांगलेला होता. त्याची बायको सोन्या म्हणे, “निकोलसवर बोटभर धूळ, आणि परवाना बघा कसा चकचकीत!”

गावात डार्सी नावाचा एक इसम हॉकीच्या मैदानाबाहेर बिनपरवाना गाड्या विकी. दर गाडी म्हणे त्याच्या मावशीची. ओरेस्ट दर वेळी परिषदेला फोन लावी, “डार्सीला आणखी एक मावशी झालीय.” डार्सीला दंड होई, गावाची करमणूक होई.

मग फादर वसिलींनी आपला जुना पिकअप ओरेस्टकडे विकायला दिला, आणि शेजारी राहणाऱ्या मेट्रोची मुलगी ताल्या तो घ्यायला आली. नवी नोकरी, वीस मैलांवर. विकण्याआधी गाडी तपासून दाखल्यावर सही करायची, असा परिषदेचा नियम. एरवी ओरेस्ट सख्ख्या भावाच्या गाडीखालीही सरपटत जाई. पण त्या दिवशी उणे तीसची थंडी, गुडघे सुजलेले, आणि गाडी साक्षात पाद्रीबाबांची, दर वर्षी तीर्थ शिंपडलेली. त्याने वरवर पाहिलं आणि सही ठोकली. फादर दर रविवारी चार गावांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला हिंडत. त्या हिंडण्यात बर्फ वितळवायला हमरस्त्यावर टाकलेलं मीठ ब्रेकच्या नळ्या खालून खात होतं. हे न कळण्याइतका ओरेस्ट नवखा नव्हता.

वसंतात ताल्याचा ब्रेक लागला नाही. गाडी धान्याच्या कोठाराजवळ खड्ड्यात गेली. पोरगी वाचली, उजवा पाय कायमचा लुळा पडला.

इस्पितळात मेट्रो म्हणाला, “तक्रार कुणावर करू? गाडी फादरची, तपासणी तुझी. देवावरच करायला हवी.”

“माझ्यावर कर. मी खाली गेलोच नव्हतो, मेट्रो.”

मेट्रोने भिंतीकडे तोंड फिरवलं. “हे मला सांगायला नको होतंस. आता कोणावर विश्वास ठेवू मी? जा घरी. शेजाऱ्यावर तक्रार करायची आपल्यात रीत नाही.”

घरी जाऊन ओरेस्टने फोन उचलला.

“तक्रारदाराचं नाव?” परिषदेतल्या मुलीने विचारलं.

“ओरेस्ट हावरिल्युक.”

“कुणाविरुद्ध?”

“ओरेस्ट हावरिल्युक.”

“बापलेक आहात का?”

“नाही हो बाई, एकच आहे. तेवढाच पुरे झाला.”

चौकशी झाली आणि परवाना गेला. भिंतीवर फिकट चौकोन उरला. ओरेस्टला वाटलं होतं, निदान छातीवरचा दगड तरी उतरेल. गावाला मात्र हे अजिबात पटलं नाही. ब्रेक एखाद्याच्या नजरेतून निसटतो, पण आपणच जाऊन सांगायचं? चर्चच्या हॉलमध्ये पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, वळताना बायका सोन्याला बघून गप्प व्हायला लागल्या.

“तुला शिक्षा हवी होती, मिळाली,” सोन्या एकदा म्हणाली. “तिला पाय मिळाला का?”

डार्सी तर दुकानात सगळ्यांदेखत गळ्यात पडला. “काका, या आमच्यात! एखादी मावशी देतो तुम्हाला!” लोक पोट धरून हसले. ओरेस्टही हसला, कारण न हसून जाणार कुठे?

पुढे मेट्रोने ताल्याला डाव्या पायाने चालवता येईल अशी गाडी घेतली. डार्सीकडूनच, दुसरा होता कोण? ती रोज ओरेस्टच्या दारावरून जाई. पहिल्याच दिवशी त्याने ओळखलं, पुढच्या चाकाचं बेअरिंग कण्हतंय. तो तसाच काठी टेकत मेट्रोच्या फाटकाशी गेला.

“चाक निखळेल, मेट्रो. दुसऱ्या कुणाला तरी दाखव.”

मेट्रो अंगणात लाकडं फोडत होता. मान वर न करता त्याने विचारलं, “खाली जाऊन बघितलंस?”

ओरेस्टने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. तो परतला. घरी येऊन त्याने परिषदेचा नंबर फिरवायला घेतला, तेव्हा सोन्या दारात उभी होती. “आणि ही गाडीही काढून घे पोरीची. मग घरातच बसेल ती.”

त्याने फोन खाली ठेवला.

आता सकाळी कॉफी गार होईपर्यंत तो खिडकीशी बसतो. ताल्या जाते, आणि आवाज वळणावर विरेपर्यंत त्याचे कान तिकडेच असतात. संध्याकाळी ती येईपर्यंत तो जेवत नाही. सोन्या आता त्याला जेवायला हाक मारत नाही. चाकाचा आवाज वाढतोच आहे.